बोक्याची सकाळची गोळी

कुत्र्याचं नाव बोक्या ठेवणारा माणूस विनोदी असेल असं कुणालाही वाटेल. पण ते नाव बायकोनं ठेवलेलं. नवरा रेल्वेत सिग्नल सांभाळून निवृत्त झालेला. त्याच्या लेखी लाल म्हणजे लाल, मग गाडीत देव का बसलेला असेना.

बोक्या म्हातारा झाला होता. दाढ किडून जबडा सुजला होता, भिजवलेल्या पावापलीकडे काही खाता येत नव्हतं. दाढ काढणं भागच होतं. डॉक्टरीणबाईंनी दोघांना समोर बसवून सांगितलं, "भूल दिली की हृदय मंदावतं, रक्तदाब उतरतो. धडधाकट कुत्रा ते सोसतो. याचं हृदय गोळीच्या आधारानं चाललंय. रात्रीपासून खायला काही नको. हृदयाची गोळी मात्र सकाळी द्यायचीच."

नवऱ्याच्या डोक्यात 'खायला काही नको' एवढंच बसलं. पुढच्याला जागा उरली नाही.

सकाळी बायकोनं पावाच्या चिमूटभर तुकड्यात गोळी दडवली. नुसती गोळी बोक्या थुंकून टाकायचा. नवरा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला.

"अगं, उपाशी ठेवायला सांगितलंय ना?"

"अहो, एवढासा तुकडा. त्यात गोळी आहे. ती द्यायचीच म्हणाल्या त्या."

"उपाशी म्हणजे उपाशी. संध्याकाळी दे. एका गोळीनं काय आभाळ कोसळतंय?"

तिनं तुकडा बशीत ठेवून दिला. वाद घातला की दिवसभर अबोला, आणि आज तिला नवरा सोबत हवा होता. बोक्या बशीकडे बघत बसला.

"गोळी दिलीत ना?" दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"सगळं तुम्ही सांगितलंत तसंच," नवरा म्हणाला.

बायकोनं तोंड उघडलं आणि मिटलं. चारचौघांत नवऱ्याला खोटं पाडू नये, त्यानं संसार टिकतो म्हणतात. टिकतो खरा, पण फुकट नाही.

दोघं बाहेरच्या बाकावर बसले. नवऱ्याच्या मांडीवर बोक्याचा पट्टा होता. आतून यंत्राची टिकटिक ऐकू येत होती, आधी बरी, मग रेंगाळत. मग धावपळ ऐकू आली.

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. "दाढेला हात लावायच्या आधीच दाब उतरला. औषधं दिली, छाती दाबली. हृदय परत सुरू झालं नाही." मग स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या, "गोळी पोटात असताना इतकं उतरायला नको होतं. भूल माझ्याकडूनच जास्त झाली असणार."

त्या बोटांवर भुलीचं माप पुन्हा पुन्हा मोजू लागल्या. बायकोला ते बघवेना. या पोरीचा काय दोष?

"गोळी दिलीच नव्हती," ती म्हणाली. "मी विसरले."

डॉक्टरीणबाईंची बोटं मोजता मोजता थांबली. नवरा पट्ट्याचं बक्कल उघडत होता, लावत होता.

"ती विसरली नाही," तो म्हणाला. "तुकडा हातात घेऊन उभी होती. मीच देऊ दिला नाही. माझं चुकलं."

उभ्या संसारात हे दोन शब्द एकदा तरी त्याच्या तोंडून ऐकावेत, असं तिला फार वाटायचं. तो ते पुन्हा म्हणू लागला, तेव्हा तिनं त्याच्या तोंडावर हात ठेवला.