खिशातला अर्ज

मित्रांनो, मी कपडे धुण्याची एक जुनी मशीन आहे. समुद्रकाठच्या एका विद्यापीठात, मुलींच्या वसतिगृहाच्या तळमजल्यावर, जिन्याखालच्या खोलीत मी उभी असते. एके काळी मी पांढरीशुभ्र होते, हे आता सांगून कुणाला पटायचं नाही. इथली हवा खारी. तिने आधी माझे पाय खाल्ले, मग पाठ.

कारखान्यातून निघाले तेव्हा वाटलं होतं, एखाद्या घरी जाईन, चार माणसांचे कपडे धुवीन. नशिबात निघाल्या दीडशे लेकी. पहिल्या वर्षी माझं केवढं कौतुक झालं! मेट्रनबाई मला रोज स्वतःच्या हाताने पुसायच्या. माझ्यामुळे मुलींची रविवारची सकाळ मोकळी झाली आणि त्या किनाऱ्यावर फिरायला जाऊ लागल्या. येताना आणलेली वाळू, केसांच्या पिना, प्रयोगशाळेतले डाग, सगळं मी पोटात घातलं. इतके कपडे धुतले, पण धुतल्या तांदळासारखी मुलगी मेट्रनबाईंना अजून एकही सापडलेली नाही.

मला चालवायला टोकन लागतं. खोलीचं भाडं, जेवण, ग्रंथालयाची अनामत भरून जे उरतं त्यातून मुली टोकन घेतात. बहुतेकींना त्याचं काही वाटत नाही. पण समुद्रातल्या जीवांचा अभ्यास करणारी दुसऱ्या वर्षाची एक मुलगी होती. तिचे वडील पंप दुरुस्त करायचे, म्हणून मैत्रिणी तिला 'पंपवाली' म्हणत. शिंपले मोजायला तिला गुडघाभर चिखलात उतरावं लागे. ते कपडे ती माझ्या शेजारच्या नळाखाली, थंड पाण्यात घासत बसायची. हातांना भेगा पडल्या होत्या.

"अगं, माझ्या कपड्यांबरोबर टाक की," खोलीतली मैत्रीण म्हणायची.

"नको, तुझे मळतील," एवढंच तिचं उत्तर.

एका शनिवारी मैत्रिणीने तिला न विचारताच तिची बादली माझ्यात रिकामी केली. थोडा वेळ मी नीट फिरले. मग माझा गळा कोंडला. पोटातलं पाणी बाहेर जाईना. मी घरघरले आणि थांबले.

मेकॅनिक आला. त्याने मला दोन थापा मारल्या, पाठीवरचा गंज पाहिला आणि म्हणाला, "बाई, हिच्यात आता काही राम नाही. भंगारात द्या." मेट्रनबाईंनी सुस्कारा सोडला. त्या भंगारवाल्याला फोन लावणार, तोच पंपवाली जिना उतरून आली.

"मी एकदा बघू का? आतले कपडे माझे आहेत."

"बघ. उघडायला काय जातंय," मेकॅनिक म्हणाला आणि स्क्रूड्रायव्हर तिच्या हातात दिला.

तिने खाली परात ठेवली, माझं पाणी काढलं, खालचं झाकण उघडलं आणि बोटं आत घातली. मूठभर वाळू निघाली. पाठोपाठ कागदाचा लगदा. "बाबा म्हणतात, पंप सहसा मरत नाही, त्याच्या घशात काहीतरी अडकतं," ती स्वतःशीच पुटपुटली. झाकण लावून बटण दाबलं आणि मी सुरू झाले. मेकॅनिक माझ्याकडे बघत राहिला.

मेट्रनबाई मात्र लगद्याकडे बघत होत्या. "कसला कागद होता गं हा?"

पंपवालीने लगदा मुठीत धरला. "अर्ज होता. शिक्षण सोडण्याचा. आता खर्च झेपत नाही."

"कधी लिहिलास?"

"पंधरा दिवस झाले. रोज खिशात घालून कार्यालयाच्या दारापर्यंत जाते आणि परत येते."

मेट्रनबाईंनी तिला तिथेच स्टुलावर बसवलं. "दुसरा अर्ज लिही. मी सांगते तसा." वसतिगृहातले नळ, पंखे आणि मशिनी दुरुस्त करण्याचं काम तिला मिळावं आणि मोबदला खोलीभाड्यात वळता करावा, असा तो अर्ज होता. कार्यालयाने तो दोनदा परत पाठवला. तिसऱ्या वेळी मेट्रनबाई स्वतः गेल्या आणि सही होईपर्यंत खुर्चीवरून हलल्या नाहीत. मेकॅनिकने आपली जुनी हत्यारांची पेटी पंपवालीला देऊन टाकली.

तिने शिक्षण पूर्ण केलं. मधे एकदा दुरुस्तीच्या नादात अख्ख्या मजल्याचे दिवे घालवले, तेही सांगायला हवं. आज ती एका संशोधन नौकेवर आहे, असं ऐकते.

आता वरच्या मजल्यावर नव्या मशिनी आल्यात. माझ्याकडे फारसं कुणी फिरकत नाही. तक्रार नाही. पण मित्रांनो, तुमच्याकडे माझ्यासारखी कुणी असेल तर तिचं अंग कोरडं ठेवा, तिच्यावर फार ओझं लादू नका, आणि कपडे टाकण्याआधी खिसे तपासा. आपले तर तपासाच, शेजारणीलाही एकदा विचारा. हातभर अंतरावर झोपणाऱ्या त्या मैत्रिणीला पंधरा दिवसांत अर्जाचा पत्ता लागला नव्हता.