तलाव कोणी बांधला

गावच्या तलावावर बांधणाऱ्याच्या नावाचा फलक लावायचा होता, म्हणून सुभद्राबाई सरपंच केवळरामसोबत गोंदियाच्या रेकॉर्ड रूममध्ये आली. तिच्या कोहळी समाजाच्या पूर्वजांनी डोक्यावर माती वाहून तो तलाव बांधला होता. जुन्या नोंदीत मात्र गावाचा सारा वसूल करणाऱ्या एकट्या मालगुजाराचं नाव निघालं.

"कागदात तुमचं नाव नाही तं मी काय करू, काकी?" नोंदीचा फोटो काढत सरपंच म्हणाला. "फलकावर हेच टाकू."

सुभद्राबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दर पावसाळ्यात तलावाची पाळ, म्हणजे मातीचा बांध, पाझरली की गळती बुजवायला गाव तिच्याच दारात येत होतं.

"टाक," ती म्हणाली. "अन् यंदा पाळ पाझरली का त्या मालगुजारालेच बोलावजो. फावडं घेऊन येते का पाहू."