सगळ्यात जास्त वाजणारा जुडगा

मोरोक्कोतल्या इफ्रान गावात शिरणाऱ्या रस्त्यावर किल्ल्या वाजवत उभं राहायचं आणि गाडी थांबली की विचारायचं, "राहायला घर हवंय?" हे काम पुरुषांचं, असं सगळं गाव धरून चाललं होतं. इत्तोला ते अजिबात मान्य नव्हतं. तिने इतकं डोकं खाल्लं, की शेवटी तिचे बाबा, मोहा, वैतागून म्हणाले, "बरं बाई. मी बाजारातून येईपर्यंत पाहुणे आणून दाखव. जमलं तर सुट्टीच्या दिवशी रस्ता तुझा. नाही जमलं, तर पुन्हा हा विषय नको."

बाबा गेले. इत्तोने खुंटीवरचा सगळ्यात खणखणीत जुडगा उचलला, खटकन कुलूप लागेपर्यंत दार ओढून घेतलं आणि रस्ता गाठला.

कितीतरी गाड्या तिच्याकडे ढुंकूनही न बघता गेल्या. मग एक निळी गाडी थांबली. आत आई आणि मुलगी, कासाब्लांकाहून आलेल्या. मुलगी घिझलान, उद्या तिची विद्यापीठात मुलाखत होती आणि चेहरा असा, की जणू दाढ काढायला आणलीय.

"घर स्वच्छ आहे ना?" आईने विचारलं.

"मावशी, फरशीत बघून वेणी घाला."

"आणि शांत?"

"धुराड्यावर करकोच्यांचं जोडपं आहे. तेवढंच काय ते भांडतं."

दारापाशी आल्यावर मात्र एकही किल्ली लागेना. एक जुन्या पेटीची, एक विकलेल्या स्कूटरची, बाकीच्या कशाच्या देव जाणे. वाजवायचा जुडगा वेगळा आणि उघडायची किल्ली वेगळी, हे रस्त्यावरच्या प्रत्येक बाप्याला ठाऊक होतं. इत्तोला ते आत्ता कळलं.

"घर नक्की तुमचंच ना?" मावशींचा आवाज बदलला.

इत्तोचे कान लाल झाले. "आमचंच. पण खरी किल्ली बाबांच्या खिशात आणि बाबा बाजारात. तोवर गाव दाखवते. नाहीच पटलं, तर हॉटेल कुठे पळून जातंय?"

गावातल्या प्रसिद्ध दगडी सिंहासमोर फोटोसाठी ही भली मोठी रांग. इत्तो त्यांना सरळ मागच्या बाजूला घेऊन गेली. "समोरून सगळेच बघतात. मागून बघा, अगदी मेंढरासारखा दिसतो."

घिझलान फिस्सकन हसली.

मग विद्यापीठाच्या फाटकाजवळची खाण्याची हातगाडी, तव्यावरची पदरांची गरम रोटी आणि मध. तिथे घरातल्या सपाता घालूनच एक विद्यार्थिनी चहा पीत होती. इत्तोने बेधडक विचारलं, "ताई, मुलाखतीत काय विचारतात?"

"काय माहीत. मला घाबरून स्वतःचं गावही आठवेना. तरी घेतलं मला."

घिझलानने आणखी एक रोटी मागवली. सकाळपासून तिने पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं, हे मावशींनी मागाहून सांगितलं.

परतल्या तेव्हा मोहा दारात कांद्यांची पोती उतरवत होते. लेकीच्या हातातला जुडगा बघून त्यांना सगळं उमगलं. ते मिशीत हसले. इत्तो मावशींकडे बघत राहिली.

"आई, आपण इथेच राहू," घिझलान म्हणाली. "मला तो मेंढरू-सिंह उद्या जाताना पुन्हा बघायचाय."

मावशींनी गाडीतून बॅगा काढल्या.

मोहांनी खिशातली किल्ली काढली आणि कुलपाला न लावता इत्तोपुढे धरली. "घे. आणि हीसुद्धा त्या जुडग्यात ओवून टाक. पुढच्या सुट्टीला लागेल."