पुसलेलं साल

"पातळच लाव गं लोरीन," शिडीखालून अर्विन म्हणाला. "एकच थर. दोन हिवाळ्यांत रंग उडेल, आकडे आपसूक वर येतील. पलीकडच्या कॉलेजात तसंच केलं त्यांनी. आता लोक तिथे उभं राहून फोटो काढतात."

लोरीन तारेच्या ब्रशने भिंत खरवडत राहिली. कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल संघाने अजिंक्यपद मिळवलं की स्टेडियमच्या या भिंतीवर ते साल चढायचं. त्यातली बरीचशी सालं तिनेच रंगवली होती. आता कॉलेजांच्या खेळांवर देखरेख करणाऱ्या संघटनेचा निकाल आला होता. जुन्या प्रशिक्षकाच्या काळातले सगळे विजय रद्द, संघाला दोन हंगाम मोठ्या सामन्यांत खेळायला बंदी, आणि भिंतीवरची सालं पुसायची. हा प्रशिक्षक ऑगस्टच्या उन्हात पाण्याला हात लावू न देता पोरांना पळवायचा. एका उन्हाळ्यात तीन पोरं कोसळली आणि कॉलेजने ते प्रकरण दाबलं. त्या तिघांत लोरीनचा मुलगा कर्टिस होता. त्याची मूत्रपिंडं गेली ती गेलीच.

हे काम तिने मागून घेतलं होतं.

"माझ्या कोडीचा काय दोष, सांग ना," अर्विन म्हणाला. तो मैदानाचं गवत राखायचा, आणि त्याचा मुलगा यंदाच संघात आला होता. "तो थेरडा फ्लोरिडात मासे धरत बसलाय. शिक्षा कोणाला? माझ्या पोराला! तेव्हा तो चड्डी सावरत शाळेत जात होता."

"तुझं पोर दोन वर्षांनी खेळेल. माझं पोर लघवीला जात नाही, अर्विन."

अर्विन पुटपुटला, "एवढं विष बरं नाही."

"विष काढायलाच तर तो डायलिसिसच्या यंत्राला जोडून घेतो. तो डबा दे वर."

डब्यात जुना रंग कधीच वर येऊ न देणारं अस्तर होतं. अर्विनने डबा दिला आणि तिच्याकडे न बघता निघून गेला.

एकेक साल पांढरं होत गेलं. शेवटी २०११ उरलं. तेवढ्यात कर्टिस गाडीतून उतरला. इस्पितळातून थेट आला होता. दंडावर पट्टी होती.

"आई, एवढं राहू दे."

"का?"

"त्या अंतिम सामन्यातला शेवटचा झेल माझा होता."

"साल त्याचं आहे."

"तो काय करत होता? कडेला उभा राहून बोंबलत होता. धावलो मी." कर्टिसचा आवाज चढला नाही. "पुढच्या उन्हाळ्यात त्याने माझं शरीर नेलं. आता झेल तू नेतेस."

लोरीनचा ब्रश भरलेला होता. थेंब तिच्या मनगटावरून कोपराकडे ओघळला. इतकी वर्षं ती एकाच गोष्टीवर जगली होती: आपल्या नावावर काही उरलं नाही, हे त्या माणसाला फ्लोरिडात कळावं. एक साल राहिलं, की तो राहिला.

तिने पहिल्या आकड्यावर ब्रश टेकवला.

अस्तर झपाट्याने वाळतं, मध्ये थांबता येत नाही. शेवटच्या आकड्यासाठी ती फार वाकली आणि शिडी डगमगली. मग एकदम स्थिर झाली. तिने खाली पाहिलं. कर्टिसने पट्टी नसलेल्या हाताने शिडी धरली होती. तोंड मैदानाकडे होतं.

"दुसरा थर द्यावा लागेल," ती म्हणाली.

"दे."

त्याने हात काढला नाही.