काचेमागची लाकडं

“बर्च हवं, ओक हवं, की किनाऱ्यावर वाहून आलेल्या लाकडासारखं?” ब्रेंटने तिसऱ्यांदा विचारलं. तैस्तो हाक्कालाने तिसऱ्यांदा त्याच्याकडे असं पाहिलं, की जणू समोरच्याने त्याला पाणी ओलं हवं की कोरडं, असं विचारलं आहे.

कॅनडातल्या थंडर बेमधल्या त्या दुकानात सप्टेंबरच्या त्या सकाळी अकरा फायरप्लेस एकदम पेटलेल्या होत्या आणि एकीचाही वास येत नव्हता. ब्रेंट हा विकणारा माणूस भला होता, पण त्याचं तोंड बंद होत नव्हतं. रिमोटने ज्योत कमीजास्त करून दाखवून झाली. काचेच्या निळ्या खड्यांमधून निघणारी ज्योत दाखवून झाली. राख कुठून काढायची, असं तैस्तोने विचारलं तेव्हा तो खूश होऊन म्हणाला, राख होतच नाही. तैस्तोला त्यात खूश होण्यासारखं काही दिसलं नाही. अडतीस वर्षं त्याने कागद गिरणीच्या आवारात लाकूड मोजलं होतं. ब्रेंटने त्याच्या हातात नमुन्याचा ओंडका दिला. भाजलेल्या मातीचा, खालून पोकळ, वरून रंगवलेला. तैस्तोने सवयीने तो नाकाशी नेला आणि लगेच खाली ठेवला.

त्याची बायको हिल्का मागे खुर्चीवर बसून होती. दारापासून खुर्चीपर्यंतच्या वीस पावलांनी तिला इतकी धाप लागली होती, की पहिली दहा मिनिटं ती बोललीच नाही. गेल्या वर्षभरात दोनदा तिला फुप्फुसांसाठी इस्पितळात ठेवावं लागलं होतं. डॉक्टरांनी बजावलं होतं, घरातली लाकडाची चूल बंद करा, नाहीतर हिला घरात ठेवू नका. त्यांची मुलगी शेरिल तर त्याच दिवशी आईचं नाव वृद्धाश्रमाच्या यादीत घालून आली. बापाने आकाशपाताळ एक केलं, तेव्हा कुठे ती एक पायरी खाली उतरली. म्हणाली, एक हिवाळा. लाकूड न जाळता, आईला इस्पितळात न्यावं न लागता एक हिवाळा काढून दाखवा, मग मी यादीतून नाव काढते. गॅसची नळी रस्त्यापर्यंत आलेलीच होती. तेव्हा फायरप्लेस निवडायला आले होते असं म्हणायचं, पण खरं तर ते दोघं एक हिवाळा मागायला आले होते.

हिल्काला दम आला तशी तिने समोरच्या काचेकडे बोट केलं.

“हे कोणी रचलंय?”

“कारखान्यात असंच ठरवून देतात, आजी,” ब्रेंट म्हणाला.

“कारखान्यात कोणी चूल पेटवलेली दिसत नाही.”

तिचं चुकत नव्हतं. काचेमागे खाली बारीक काटक्या तिरप्या पडलेल्या होत्या आणि त्यांच्या उरावर सगळ्यात जाडा ओंडका आडवा. तैस्तो-हिल्काच्या घरात आग वरून पेटायची. खाली जाडी लाकडं, त्यावर मध्यम, त्यावर बारीक ढलप्या, आणि अगदी वर बर्चची साल. काडी वर लावायची आणि आगीला तिच्या चालीने खाली उतरू द्यायचं. हिल्काच्या बापाने ही रीत फिनलंडहून आणली होती. तैस्तोच्या आईकडे मात्र खालून पेटवायचे. लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात दोघं याच एका गोष्टीवरून आठवडाभर अबोला धरून होते. मग एका सकाळी तैस्तोने मुकाट्याने तिच्यासारखी लाकडं रचली आणि ते भांडण जे मिटलं ते कायमचं. त्यालाही आता त्रेपन्न वर्षं झाली होती.

शेवटी त्यांनी सगळ्यात साधी, कमी नखऱ्याची फायरप्लेस घेतली. लाकडं बर्चची. “खोटंच घ्यायचं तर निदान आपल्यातलं घ्या,” हिल्का म्हणाली.

ऑक्टोबरात जुनी लोखंडी चूल दोन माणसांनी ढकलगाडीवर घालून नेली. तिच्या जागी नवी बसवायला जीनो आला. जीनोचा बाप गिरणीत तैस्तोच्या हाताखाली होता, त्यामुळे तो त्याला काका म्हणायचा. त्याने पुस्तक उघडून एकेक ओंडका नेमक्या खुंटीवर बसवला. प्रत्येकाच्या पोटावर आकडा होता. काच लावून झाल्यावर तो म्हणाला, काका, हे हलवायचे नाहीत, नाहीतर आग बिघडते. तैस्तोने मान हलवली. आयुष्यभर लाकूड हाताळलेल्या माणसाला लाकडाबद्दल सांगितलं की तो अशीच मान हलवतो आणि एका कानाने ऐकून दुसऱ्याने सोडून देतो.

खोली गरम झाली, यात वाद नाही. पहिली बर्फवृष्टी झाली, सरोवर गोठायला लागलं, आणि हिल्काला खोकला असा फारसा आला नाही. तैस्तो दिवस मोजत नव्हता असं तो म्हणायचा, पण स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर रोज सकाळी कॉफी पिताना एक चौकट खोडायचा. मागच्या अंगणात लाकडाच्या चार ओळी तशाच उभ्या होत्या. दोन या हिवाळ्याच्या, दोन पुढच्या. लाकूड वाळायला दोन वर्षं लागतात, म्हणून शहाणा माणूस नेहमी पुढच्याचं तोडून ठेवतो. तैस्तो अजूनही ओळींवरचं बर्फ झाडून यायचा. कशासाठी, ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

हिल्काची खुर्ची फायरप्लेससमोर होती. पण नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात तिने ती फिरवून घेतली आणि ती भिंतीकडे तोंड करून बसू लागली. तैस्तोने विचारलं, तर म्हणाली, मला बघवत नाही. ज्या आगीजवळ बसायला आपण घरी राहिलो, ती अशी कोणीतरी ओतून टाकल्यासारखी. रोज बघते आणि रोज हात शिवशिवतात. मग कशाला बघू?

“गॅस आहे तो, हिल्का. त्याला लाकडं कशीही ठेवलेली चालतात.”

“मला कशीही ठेवलेली चालत नाहीत. तुला माहीत आहे.”

त्याला माहीत होतं. आणि त्याला फार वाईट वाटलं. पुढे ती किती दिवसांची सोबती आहे, हे दोघांपैकी कोणी बोलत नव्हतं. ते दिवस तिने भिंतीकडे बघत काढायचे, हे त्याच्याने पाहवेना. एका शनिवारी दुपारी ती झोपली असताना त्याने फायरप्लेस विझवली, निवू दिली आणि काचेचे चाप सोडवले. ओंडके बाहेर काढून वर्तमानपत्रावर मांडले. खालच्या आकड्यांकडे त्याने पाहिलंही नाही. दोन जाडे खाली शेजारीशेजारी, त्यावर आडवे मध्यम, त्यावर काटक्या. त्याचे हात आपणहून चालत होते. खुंट्यांवर ते नीट बसेनात, तेव्हा त्याने खाली एक दगडाची चकती सरकवली. काच पुन्हा लावली. चाप जरा कडक होते, पण लागले. मग त्याने आग पेटवली.

हिल्का उठून आली आणि काचेसमोर थांबली. मग तिने खुर्ची फिरवायला सांगितली.

“आता घर वाटतंय,” ती म्हणाली आणि तिने पाय आगीकडे पसरले.

त्यानंतरचे तीन आठवडे त्यांच्या म्हातारपणातले सगळ्यात सुखाचे गेले, हे सांगायला हवं. ज्योत पूर्वीपेक्षा उंच आणि पिवळी झाली होती, अगदी खऱ्यासारखी. शेरिल रविवारी वेलदोड्याचा गोड पाव घेऊन आली तेव्हा आई आगीसमोर बसून विणत होती. शेरिल बापाला हळूच म्हणाली, बाबा, माझा अंदाज चुकला बहुतेक. तैस्तोला इतका आनंद झाला, की त्याने पावाचे चार तुकडे खाल्ले.

काचेच्या कोपऱ्यात काजळी धरू लागली. तैस्तोला त्यात काही वावगं वाटलं नाही, आग म्हटली की काजळी आलीच. त्याने जुन्या चुलीची पुसायचा तसा ओला कागद राखेत बुडवून काच पुसली. अंगणातल्या सॉनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराच्या, चुलीत जुनी राख उरली होती, ती आणली. आठवड्यात दोनदा काच काढायची, पुसायची, लावायची. काचेच्या कडेची, हवा अडवणारी पट्टी एका बाजूने निघून आली, ती त्याने बोटाने दाबून बसवली. डिसेंबरच्या सुरुवातीला एका सकाळी हिल्का म्हणाली, “तैस्तो, धुराचा वास येतोय.” असं म्हणताना ती हसत होती. त्यानेही नाक वर करून हुंगलं. खरंच येत होता, अगदी थोडा. दोघंही तो वास घेत बसून राहिले आणि कॉफी गार झाली.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी सकाळी अकराला छताजवळचं, विषारी वायूची सूचना देणारं यंत्र कोकलायला लागलं. हिल्काचं डोकं खांद्यावर पडलं होतं. तैस्तोचेही पाय लटपटत होते. त्याने गॅस बंद केला, पुढचं दार उघडलं, मागचं उघडलं, आणि उणे सत्तावीसच्या वाऱ्यात तिला ब्लँकेटमध्ये गुंडाळून, छातीशी धरून तो पायरीवर बसला. ॲम्ब्युलन्स नऊ मिनिटांत आली. ती वाचली. पण फुप्फुसात उरलंसुरलं जे होतं, त्यातलं बरंच गेलं, आणि डोकंही पुन्हा पहिल्यासारखं झालं नाही.

दोन दिवसांनी जीनो आला, तेव्हा शेरिल घरातच होती. ती संतापाने लाल झाली होती. दुकानावर खटला भरते, बसवणाऱ्याचा परवाना घालवते, असं तिचं चाललं होतं. जीनोने काच उतरवली आणि आत पाहिलं. खूप वेळ पाहिलं. मग तो गुडघ्यांवर बसला तसाच तैस्तोकडे वळला, पण त्याने विचारलं काहीच नाही. शेरिल मागून म्हणत होती, “तुमची चूक आहे ना? एकदा कबूल करा. चूक तुमची असेल तर हे दुरुस्त होतं, आणि आई घरी येऊ शकते. बाबांनी काही केलेलं नाही.”

तैस्तोने सगळं ऐकलं. जीनो गप्प राहिला होता, म्हाताऱ्याची लाज राखायला. तैस्तोही गप्प राहिला असता तर कदाचित खटला झालाही असता, कदाचित हिल्का परत आलीही असती. जीनोची दोन लेकरं होती, आणि त्याचा बाप अकरा वर्षं तैस्तोच्या हाताखाली गिरणीत उभा राहिला होता.

“मी हलवली,” तो म्हणाला.

शेरिल थांबली. “काय हलवलं?”

“लाकडं. त्याने सांगितलं होतं, हलवू नका. मी हलवली.”

“कशासाठी?”

तैस्तोने हिल्काच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. जीनो हलक्या आवाजात समजावू लागला. काका, ती लाकडं जळतच नाहीत. आग खालच्या नळीतून येते, तिला वर जायला वाट लागते. तुम्ही वाट बुजवलीत, मग ती अर्धवट जळते आणि विषारी वायू सोडते. जाडी खाली ठेवायची, ते खऱ्या लाकडाचं. तैस्तोने मान हलवली. या वेळी त्याने दोन्ही कानांनी ऐकलं होतं. जीनोने नळीला वापर बंद असल्याची लाल चिठ्ठी बांधली आणि निघताना बूट घालता घालता त्याचा खांदा दाबला. शेरिल स्वयंपाकघरात गेली. वृद्धाश्रमाला फोन लावलेला त्याला ऐकू आला. तिच्यावर त्याचा राग नव्हता. तिने एक हिवाळा दिला होता आणि तो त्याला पुरवता आला नव्हता.

जानेवारीत हिल्काला सरोवराच्या अलीकडच्या वृद्धाश्रमात जागा मिळाली. तैस्तो रोज दोनच्या बसने जायचा. तिला खोलीतून चाकाच्या खुर्चीवरून खालच्या दिवाणखान्यात आणायचं, तिथे तास दोन तास बसायचं, असा नेम ठरला. दिवाणखाना चांगला होता. भिंतीला मोठी फायरप्लेस होती, गॅसची, पुढे जाळी आणि जाळीला कुलूप. काचेमागे बर्चचे ओंडके. खाली काटक्या, आणि त्यांच्यावर सगळ्यात जाडा आडवा.

पहिले काही दिवस हिल्काचं तिकडे लक्ष नव्हतं. एका मंगळवारी अचानक ती खुर्चीत पुढे झुकली.

“तैस्तो, कोणी रचलंय असं?” तिला प्रत्येक शब्दामागे श्वास घ्यावा लागत होता. “जरा नीट कर ना. तुला येतं.”

तैस्तोने आगीकडे पाहिलं. त्याचे हात मांडीवर होते, ते त्याने मांड्यांखाली सारले.

“इथलं इथली माणसं बघतात,” तो म्हणाला.

ती वाट बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. लग्नानंतरच्या त्या पहिल्या हिवाळ्यात होता तसा अबोला फक्त होता. मग तिने बोटाने खूण केली, खुर्ची फिरव. तैस्तोने चाकांचा अडसर काढला, खुर्ची खिडकीकडे वळवली आणि आपली लाकडी खुर्चीही ओढून तिच्या शेजारी लावली. बाहेर आवारात बर्फ साफ करणारी गाडी मागेपुढे करत होती. दोघं ती बघत बसले. पाठ शेकत होती.