खोगिराच्या टाक्यांचा चंदेरी कोट

मित्रांनो, आता माझ्याकडे पाहून तुम्हाला पटणार नाही, पण मी एक चंदेरी कोट आहे. माझा रंग राखेसारखा झाला आहे, बाह्यांवरच्या टिकल्या निम्म्याहून अधिक गळून गेल्या आहेत आणि एका खिशाला बुरशी लागली आहे. या क्षणी मी चिंध्यांच्या गोदामात एका गोणीत पडून आहे. बोलायला फार वेळ उरलेला नाही, म्हणून सुरुवातीपासून सरळ सांगतो.

माझा जन्म इंग्लंडातल्या वॉल्सॉल गावचा. तिथे घोड्यांची खोगिरे बनतात आणि गल्ल्यांना चामड्याचा वास येतो. हेझल टाँक्स नावाची मुलगी तिथल्याच एका कारखान्यात खोगिरे शिवायची. तिचा टाका साधा नव्हता. मेण लावलेला दोरा, त्याच्या दोन टोकांना दोन सुया, आणि एकाच भोकातून दोन्ही बाजूंनी घट्ट ओढलेला टाका. असा टाका एका जागी तुटला तरी पुढचे टाके उसवत नाहीत. तिचा धाकटा भाऊ डेस्मंड शेजारच्या गावात कुलपांच्या कारखान्यात होता. हडकुळा आणि अतिशय बुजरा मुलगा. चारचौघांत नाव सांगायचे म्हटले तरी त्याची मान खाली जायची. पण त्याचा आवाज मोठा गोड आणि धारदार होता, आणि ते घरात फक्त हेझलला ठाऊक होते.

साल होते एकोणीसशे बहात्तर. संपांमुळे वीज जायची, घराघरांत मेणबत्त्या जळायच्या. अशा करड्या दिवसांत लोकांना काहीतरी चकाकणारे हवे होते. गाणारे पुरुष गालांना चमकी लावू लागले, डोळ्यांवर निळा रंग, पायांत वीतभर टाचांचे बूट, गळ्यात पिसांचे हार. ढोल असा धडधडायचा की ऐकणाऱ्याला पाय आपटल्यावाचून राहवत नसे. याला ग्लॅम रॉक म्हणत. डेस्मंडने दोस्त जमवून असाच एक बँड काढला. नाव ठेवले टिन पीकॉक्स, म्हणजे पत्र्याचे मोर.

मोराला पिसारा हवा. गावातले एक चित्रपटगृह बंद पडले, तेव्हा तिथल्या पडद्याची चंदेरी झालर हेझल मागून घेऊन आली आणि रविवारी दुपारी स्वयंपाकघराच्या टेबलावर तिने मला बेतले आणि त्याच खोगिराच्या टाक्याने शिवायला घेतले. त्यांचे वडील विल्फ चहाचा पेला घेऊन दारात येऊन उभे राहिले.

"हे काय चाललंय?"

"डेसला कोट शिवतेय, बाबा."

"कोट होय? मला वाटलं, कोंबडी भाजायला चंदेरी कागद आणलास."

"भाजायचाच आहे, बाबा. पण कोंबडा."

डेस्मंड कानापर्यंत लाल झाला. हेझलने मला त्याच्या अंगावर चढवले आणि तोंडात टाचण्या धरून ती त्याच्याभोवती फिरू लागली.

"हात वर कर. अजून वर. तिथं जाऊन असा आकसून उभा राहिलास ना, तर टिकल्यांसकट ओरबाडून काढीन अंगावरून."

"लोक हसतील गं."

"हसू देत की. हसायला आधी बघावं तर लागेल!"

आणि लोक खरेच हसले. पहिला कार्यक्रम कामगारांच्या क्लबात होता. बिअरचे पेले समोर ठेवून बसलेली भारदस्त माणसे आम्हाला पाहून आधी गप्प झाली. मग मागून एक जण ओरडला, "ए पोरी, एकटीच आलीस का?"

डेस्मंडचे हृदय माझ्या अस्तराखाली ससाण्याने धरलेल्या पाखरासारखे फडफडत होते. पण तेवढ्यात त्याची नजर भिंतीला टेकून उभ्या असलेल्या हेझलकडे गेली. त्याने खांदे ताठ केले आणि म्हणाला, "नाही काका, तुमच्या बायकोनं पाठवलंय. तुम्हाला घरी न्यायला!"

अख्खा क्लब खदखदून हसला. मग तो गाऊ लागला आणि हसणे थांबले. थोड्या वेळाने तीच माणसे बूट आपटू लागली. त्या संध्याकाळी मला प्रथम कळले की कपडा माणसाला नुसता झाकत नाही, कधी कधी बाहेरही काढतो.

पुढची दोन वर्षे वाऱ्यासारखी गेली. हेझलने कारखान्यातली नोकरी सोडली. आमच्या खटारा गाडीत ती पुढच्या बाकावर सुया-दोऱ्यांचा डबा मांडीवर घेऊन बसायची. माझी बाही निघाली, बटण तुटले, टिकली पडली की चालत्या गाडीत ती बसवायची. कार्यक्रमाआधी सगळ्यांच्या गालांवर चांदण्या तीच चिकटवायची. "हलू नकोस, डोळ्यात गेली तर आंधळा मोर होशील," असे गिटारवाल्या रॉयस्टनला दटावायची. मग त्यांचे एक गाणे चालले. असे चालले की दुधवाले ते शिट्टीवर वाजवत आणि शाळेतली मुले आईची लाली ओठांना लावून रांगेत उभी राहत. लंडनहून फेनविक नावाचा एक व्यवस्थापक आला. गोड बोलणारा, मनगटावर अत्तर लावणारा. त्याने बँड हातात घेतला.

एके दिवशी टीव्हीवरचे बोलावणे आले. नेमके तेव्हाच विल्फ छातीच्या दुखण्याने आजारी पडले, म्हणून हेझल त्यांच्यापाशी घरी राहिली. निघण्याआधी तिने मला इस्त्री केली. मधे पातळ कापड धरून, हलक्या हाताने, मी वितळू नये म्हणून.

स्टुडिओत फेनविकने डेस्मंडला बाजूला घेतले. "कपड्यांबद्दल विचारतील. बहिणीनं शिवला असं म्हणालास तर शाळेतलं नाटक वाटेल. लंडनला शिवला म्हण. मोठं दिसतं ते."

दिवे लागले. गाणे झाले. निवेदिका हसत जवळ आली आणि तिने माझी बाही बोटांत धरली. "काय सुरेख कोट आहे! कुणी शिवला?"

 मी डेस्मंडच्या अंगावरच होतो, म्हणून सांगतो, त्याचे खांदे माझ्या आत आकसले. मग तो हसून म्हणाला, "लंडनला शिवून घेतला. खास माझ्यासाठी."

पुढच्या आठवड्यात बर्मिंगहॅमच्या सभागृहात, कार्यक्रमाआधी, हेझल कपडे बदलायच्या खोलीत आली. तिने कोपऱ्यातला आपला सुया-दोऱ्यांचा डबा उचलला आणि झाकण नीट लावले.

"कारखान्यातल्या सगळ्याजणी आल्या होत्या आपल्याकडे टीव्ही बघायला," ती म्हणाली. "मी केक केला होता त्यांच्यासाठी. तू बोललास, आणि बाबांनी उठून टीव्ही बंद केला.  त्या केक खाऊन गेल्या."

"हेझल, फेनविकनं सांगितलं होतं गं तसं म्हणायला. एक वाक्य होतं नुसतं."

"हो ना. एकच होतं. तेवढं तुला खरं बोलता आलं नाही."

"थांब ना. तू नसलीस तर आमचं कोण बघणार?"

"लंडनवाले आहेत की."

त्याने मला घाईघाईने उतरवून तिच्यापुढे धरले. "मग हा तरी घेऊन जा."

"मला काय करायचाय? तुझ्या मापाचा आहे तो," ती म्हणाली आणि गेली. दार तिने आपटले नाही. हळूच लोटले. ते आपटले असते तर बरे झाले असते असे मला अजून वाटते. फेनविकने आत डोकावून विचारले, "गेली? बरं झालं. चल, लोक ओरडतायत." आणि मित्रांनो, खोटे कशाला सांगू, त्या दिवशी डेस्मंड जसा गायला तसा कधीच गायला नव्हता. मुली रडत होत्या. माझ्या टिकल्या ओरबाडून नेत होत्या. इतके प्रेम मी आयुष्यात पाहिले नाही, आणि त्यातले काहीही त्याच्यापर्यंत पोहोचत नव्हते.

उतरण कधी लागली ते सांगता येत नाही. चमकणारे बँड फार झाले. आज एकाचे बूट उंच, उद्या दुसऱ्याचे त्याहून उंच, आणि गाणी मात्र एकाच साच्यातली. आमचे पुढचे गाणे चालले नाही, त्याच्या पुढचे कुणी वाजवलेही नाही. गालांवर चांदण्या लावणाऱ्या पोरी कामाधंद्याला लागल्या. लंडनहून आलेले भारी पोशाख दोन धुण्यांत उसवून बोळे झाले, म्हणून डेस्मंड पुन्हा मलाच घालू लागला. विल्फ गेले तेव्हा तो जर्मनीतल्या एका अर्ध्या रिकाम्या सभागृहात गात होता. पोहोचला तोवर थडग्यावरची मातीसुद्धा सुकली होती.

मग पंक म्हणवणारी नवी पोरे आली. फाटके सदरे, त्यांना टोचलेल्या पिना, आणि आमच्यासारख्यांबद्दल नुसता राग. फेनविकने त्यांच्यातलेच काहीजण हाताशी धरले आणि आमच्यासाठी तो कायम 'बाहेर गेलेला' असू लागला. एका कॉलेजात आम्ही उभे राहिलो तोच कुणीतरी ओरडले, "आजोबा, दिवे विझवा आणि झोपा!" डेस्मंड अजून तिशीचाही नव्हता. बिअरचे डबे आले, थुंकी आली. एकाने माझी डावी बाही धरून असा हिसका दिला की खांद्यापासून काखेपर्यंत मी टरकन फाटलो.

दुसऱ्या दिवशी रॉयस्टन केस कापून आला.

"डेस, मी भावाच्या बेकरीत चाललोय."

"पाव भाजणार तू?"

"भाजणार. पहाटे उठावं लागतं, पण लोक पाव घेऊन जातात रे. फेकून मारत नाहीत."

डेस्मंड एकटा उरला. मला हातावर टाकून तो वॉल्सॉलला हेझलच्या घरी गेला. तिचे लग्न झाले होते. खोगिरांच्या कारखान्यात तिची जुनी जागा भरली होती, म्हणून ती कुत्र्यांच्या गळ्यातले पट्टे शिवत असे. तिने दार उघडले, आधी मला पाहिले, मग त्याला. "चहा टाकते," म्हणाली.

"हेझल, एवढं शिवून दे ना. समुद्रकाठी सुट्टीच्या छावणीत काम मिळालंय. उन्हाळाभर गायचंय."

तिने चष्मा लावला आणि माझ्या जखमेवरून बोट फिरवले. "टाके कुठंच गेलेले नाहीत. टाक्यांच्या कडेनं कापड गेलंय. आता सुई घातली की आणखी फाटेल."

"काहीतरी कर ना."

"काय करू? पडद्याचं कापड ते. लांबून बघायचं होतं. अंगावर घालायचं नव्हतंच, माझीच चूक."

"चूक माझी होती, हेझल. मी तेव्हा तुझं नाव..."

"चहा निवतोय," ती म्हणाली.

तो थांबला. तिने मान वर केली असती तर त्याने वाक्य पुरे केले असते. तिने केली नाही. आतल्या बाजूने तिने मला पिना लावून दिल्या, एकेक पीन दोनदा तपासून. "उन्हाळाभर टिकेल. पुढचं मला विचारू नकोस."

छावणी म्हणजे कामगार कुटुंबांनी सुट्टीत येऊन राहायची जागा. तिथे आम्ही दुपारी, जेवणाच्या मोठ्या दालनात गात असू. लोक मासे आणि बटाट्याच्या चिप्स खात, मुले आइस्क्रीम सांडत पळत. एकदा हात उंचावताना पीन उघडली आणि डेस्मंडच्या काखेत रुतली. तो गातच राहिला. त्या रक्ताचा डाग माझ्या अस्तरावर आहे. पुढच्याच टेबलावरची बाई नवऱ्याला म्हणाली, "हा तोच ना रे, ते गाणं म्हणणारा?" नवरा म्हणाला, "छे, तो कधीच मेला असेल." त्यांच्यात आणि आमच्यात अंतर हातभराचे होते. डेस्मंडने ऐकले. गाणे संपवले. वाकून नमस्कार केला.

त्यानंतर तो गायला नाही. आंघोळ करतानाही नाही. पोहण्याच्या तलावावर तिकिटे फाडायचे काम त्याने धरले आणि मला जिन्याखालच्या कपाटात टांगले. मला कसर लागली, ओल चढली. वीज गेली की तो फ्यूज बदलायला बॅटरी घेऊन त्या कपाटात येई. एकदा तिचा उजेड माझ्यावर पडला. मी जेवढा होतो तेवढा लखलखलो. त्याने बॅटरी विझवली, अंधारात चाचपडत काम उरकले आणि दार लावले.

नंतर बरीच वर्षे ते दार कुणी उघडले नाही. उघडले ते हेझलने. तिचे केस पांढरे झाले होते. घर आवरायला दुसरे कुणी नव्हते, यावरूनच मला कळले की डेस्मंड आता नाही. मला मांडीवर घेऊन ती जिन्यावर बसली. शेजारीण आतून विचारत होती, "अगं, कपाटात काही ठेवण्यासारखं आहे का?" हेझलने माझी कॉलर नाकाशी नेली. फार वेळ तशीच धरून ठेवली. मग म्हणाली, "नाही गं. काही नाही." तिने मला उलटे केले, चमक आत आणि अस्तर बाहेर, घडी घातली आणि धर्मादायासाठी जुने कपडे विकणाऱ्या दुकानाच्या पिशवीत ठेवले.

दुकानात मला कुणी घेतले नाही. एका तरुणाने गमतीच्या पार्टीसाठी अंगावर चढवून पाहिले, आरशासमोर खो खो हसला आणि परत टांगले. शेवटी मी इथे आलो. इथल्या बायका चिंध्या निवडतात. लोकर एकीकडे, सूत एकीकडे, पुसायची फडकी एकीकडे. एकीने मला उचलून विचारले, "हा कशात टाकू गं?" दुसरी म्हणाली, "फडकं नाही व्हायचं त्याचं, पाणीच शोषत नाही ते. जाळायच्यात टाक."

मित्रांनो, कपडे जपून ठेवा, असे मी म्हणणार नाही. कपडे जातातच. गाणीही जातात, आज तुम्ही ज्यावर जीव टाकता ते उद्याची मुले हसण्यावारी नेतील, त्याला इलाज नाही. पण ज्याला तुम्ही दुखावले आहे, त्याच्याशी बोलायचे वाक्य अर्धे ठेवू नका. समोरच्याने मान वर केली नाही तरी पुरे करा. डेस्मंडने केले नाही, हेझलने करू दिले नाही, आणि दोघांनी त्या अर्ध्या वाक्यावर अख्खे आयुष्य काढले. मी दोघांच्याही हातांत होतो आणि मला बोलता येत नव्हते.

आता गोणीचे तोंड बांधत आहेत. माझ्या खाली एक लहान मुलाचा स्वेटर आहे, कुणीतरी हाताने विणलेला, कोपरावर जळून भोक पडलेला. तो मघापासून मला विचारतो आहे की आपल्याला कुठे नेणार. मी त्याला अजून सांगितलेले नाही.