तीन माणसांचा वारा

जरा तुझा उजवा हात समोर धर. तळवा खाली, बोटं पसरलेली. आता समज, की कोपरापासून बोटांच्या टोकांपर्यंतचा हा हात म्हणजे आमचं लांबोळकं पालावान बेट, समुद्रात तिरपं पडलेलं. बोटांच्या पुढे आणि दोन्ही अंगांना मूठभर तांदूळ उधळ. एकेक दाणा म्हणजे एकेक बेट. आणि या हाताभोवती एक मुंगी चालली आहे, दाण्यादाण्यापाशी थांबून माल उतरवत-चढवत. ती आमची नाव. एक फेरी पुरी करायला तिला दोन महिने लागायचे. इंजिनं तेव्हा श्रीमंतांच्या बोटींना असत. आम्हाला शीड होतं.

मुंगीच्या पाठीवर आम्ही पाच जण. सुकाणूवर माझे वडील, गोर्यो. मी त्यांचा मुलगा पिद्योंग, अठरा वर्षांचा, अंगाने धट्टाकट्टा. म्हातारा सिद्रो, ज्याला सगळे लोलो म्हणायचे, म्हणजे आजोबा. माझा चुलतभाऊ देल्फिन, माझ्याहून एका वर्षाने मोठा. आणि देल्फिनची बहीण तासिंग, नऊ वर्षांची. त्यांचे वडील कधीच गेले होते, आई त्या वर्षी गेली. नाव सुटायच्या दिवशी वडील म्हणाले, "पोरीला नावेवर काय काम?" देल्फिन म्हणाला, "तियो, ती नाही तर मीही नाही." तियो म्हणजे काका. वडिलांना माणूस हवा होता, म्हणून पोरगी आली.

माणूस का हवा होता, ते नीट समजून घे, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. आमच्या नावेला दोन्ही बाजूंना उलांड्या असतात, बांबूचे लांब हात. वारा शिडात भरला की नाव एका अंगाला कलते आणि त्या अंगाची उलांडी पाण्यात बुडू लागते. तेव्हा आपण वाऱ्याकडच्या उलांडीवर चालत जाऊन टोकाला उभं राहायचं, दोरी धरून, आपल्या वजनाने नाव सरळ करायची. वाऱ्यावर चढायचं, म्हणजे वाऱ्यासमोर जायचं असेल तर नाव दर थोड्या वेळाने वळते, आणि वळली की पळत दुसऱ्या बाजूला जायचं. म्हणून आम्ही वारा माणसांनी मोजतो. एका माणसाचा वारा म्हणजे झुळूक. दोन माणसांचा म्हणजे चांगला दिवस. तीन माणसांचा म्हणजे बोलणं बंद, कामाला लागा. आमच्या नावेवर मी, देल्फिन आणि लोलो असे तीन. तासिंगला कोणी मोजत नसे.

भांडण लिनापाकान बेटावर झालं. म्हणजे भांडणही नाही. आम्ही किनाऱ्याला लागत होतो, गावाचा प्रमुख बायकोपोरांसकट वाळूवर उभा होता, आणि वडील एक हात कमरेवर ठेवून ऐटीत सुकाणू धरून होते.

देल्फिन पुढून म्हणाला, "तियो, पाणी फिकं दिसतंय. खाली खडक आहे."

"तू जन्मायच्या आधीपासून मी इथे नाव लावतोय," वडील म्हणाले. "तू मला पाणी शिकवणार?"

आणि नाव पोवळ्याच्या खडकावर अशी चढली, की वडील सुकाणूवरून उताणे पडले. किनाऱ्यावरची पोरं लोळून हसली. देल्फिनही हसला. आणि प्रमुखाची बायको ओरडून म्हणाली, "गोर्यो, पुढच्या खेपेला त्या पोरालाच आणू दे हो नाव! तू बस भात शिजवत!"

वडील त्या दिवशी जेवले नाहीत. दोन दिवस देल्फिनशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी एकदम गोड बोलू लागले, तेव्हाच मला कळायला हवं होतं.

त्या सकाळी आम्ही पांदान नावाच्या बेटाजवळ होतो. या बेटाच्या ईशान्येला एक वाळूचा पट्टा आहे. ओहोटीला तो उघडा पडतो, अंगणाएवढा, पांढराशुभ्र. भरतीला त्याच्यावरून नाव जाते. बेट आणि पट्टा यांच्यामध्ये एक अरुंद खाडी आहे. भरती चढताना तिथून पाणी असं धावतं, की पट्टीचा पोहणाराही थेट उघड्या समुद्रात फेकला जातो. तिथल्या कोणत्याही मुलाला विचार, तो सांगेल.

वडील म्हणाले, "देल्फिन, त्या टोकाला मोठे शिंपले मिळतात. आण जा बादलीभर. दुपारी व्हिनेगर घालून खाऊ."

देल्फिन गेला. पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला ओणवा होऊन वाळू उकरू लागला. वडिलांनी मला खूण केली. मी हळूच नांगर उचलला.

"काय करताय?" लोलोने विचारलं.

"बेटाला एक वळसा घालून येऊ. तासाभराचं काम. पाणी घोट्याला लागलं, की हसू जरा कमी येईल त्याला."

मी हसलो. मला मजा वाटली, खोटं कशाला सांगू? शीड भरलं तेव्हा देल्फिनने मान वर केली, बादली टाकून पळत आला. आधी तोही हसत होता. "ए पिद्योंग! गाढवा! थांब की!" पाण्यात कमरेपर्यंत आला. वडिलांनी त्याची गवती टोपी उचलून डोक्यावर घातली आणि वाकून नमस्कार केला. "कप्तानसाहेब! आता तुम्हीच नाव लावा इथे!"

तासिंगही हसली. तिला वाटलं, हा खेळ आहे. तिने भावाला हात केला. "मानोंग, शिंपले विसरू नकोस!" मानोंग म्हणजे दादा.

बेटाच्या आडोशाला पाणी शांत होतं. आम्ही भात खाल्ला, खारवलेली मासळी खाल्ली. देल्फिनच्या वाट्याची मासळी वडिलांनी माझ्या पानावर टाकली. "खा. तुला वजन हवं."

मग आम्ही आडोशातून बाहेर आलो.

ईशान्येचा वारा सकाळी निजलेला असतो आणि दुपारी उठतो, हे वडिलांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. पण रागावलेला माणूस ठाऊक असलेल्या गोष्टी विसरतो. वारा अंगावर आला, नाव कलली, मी आणि लोलो पळत उलांडीवर गेलो. तरी पलीकडची उलांडी पाण्याखाली गेली. "अजून पुढे! टोकाला जा!" वडील ओरडले. आम्ही टोकालाच होतो.

तो तीन माणसांचा वारा होता. आणि आमचा तिसरा माणूस वाळूच्या पट्ट्यावर उभा होता.

एकदा प्रयत्न केला, मागे फेकले गेलो. दुसऱ्यांदा शीड अर्धं गुंडाळून पाहिलं, तर नाव वाऱ्यावर चढेना, प्रवाह तिला खाली ओढू लागला. तिसऱ्या वेळी पाण्यातल्या उलांडीचा एक बांबू काडकन मोडला. लोलोचा पाय घसरला, तो दोरीला लोंबकळला, मी त्याला ओढून वर घेतलं. त्याच्या हाताची सालटी निघाली होती. वडिलांनी नाव परत बेटाच्या आडोशाला घेतली आणि नांगर टाकला.

आम्ही होतो तिथून पट्टा दिसत होता. बेटाच्या टोकाभोवतालच्या उथळ खडकांच्या पलीकडे, खाडीपल्याड, एक पांढरी रेघ आणि तिच्यावर एक माणूस. रेघ सकाळपेक्षा बारीक झाली होती.

"वारा पडला की जाऊ," वडील म्हणाले.

"वारा संध्याकाळी पडतो," तासिंग म्हणाली. आता ती हसत नव्हती. "भरती त्याच्या आधी आहे."

"मग पोहेल. जीभ एवढी चालते, हातही चालतील."

"खाडीतून? भरतीत?"

"तू गप बस. मोठी माणसं बोलतायत."

कोणीच बोलत नव्हतं. तासिंग माझ्याकडे वळली. "पिद्योंग दादा, तू सांग ना त्यांना. पोती समुद्रात टाकू. नाव हलकी होईल, मग वल्हवत जाऊ."

नावेत तांदळाची वीस पोती होती, आमच्या गावाचा सहा महिन्यांचा घास. मी वडिलांकडे पाहिलं आणि म्हणालो, "भावाच्या बदल्यात गावाला उपाशी मारतेस काय गं?" वडील हसले. ते हसले म्हणून मला बरं वाटलं. हे वाक्य मी गेली साठ वर्षं ऐकतो आहे, माझ्याच आवाजात.

ती लोलोकडे गेली. त्याच्या सोललेल्या हातावर मी फडकं बांधत होतो.

"लोलो, आपली छोटी होडी आहे ना. मागे बांधलेली. ती खडकांवरून जाते. तुम्ही जा ना."

ती छोटी होडी म्हणजे एकाच लाकडातून खोदलेली, माल किनाऱ्याला उतरवायची. ती बोटभर पाण्यातून जाते. ती उथळ खडकांवरून नेऊन, प्रवाहाच्या वरच्या अंगाने तिरपी खाडीत घातली, तर पट्टा गाठता येतो. आम्हा सगळ्यांना हे सुचलं होतं. आम्ही कोणी बोललो नव्हतो.

लोलोने वडिलांकडे पाहिलं.

वडील म्हणाले, "लोलो गेला तर उलांडीवर कोण? एकटा पिद्योंग? इथे नांगर सुटला, वारा फिरला, तर नाव सरळ खडकावर. पिद्योंग गेला तर उरतो हा हात सोललेला म्हातारा. मी गेलो तर सुकाणूवर कोण? एक माणूस कमी झाला म्हणून ही वेळ आली. आता दुसरा कमी करू? कोणीही हलायचं नाही."

हिशोब बरोबर होता, हीच त्यातली वाईट गोष्ट. समुद्रावर कप्तानाचा शब्द मोडायचा नसतो, असं लोलोने आम्हाला लहानपणापासून शिकवलं होतं, आणि आता तो आपल्याच शिकवणीखाली बसला होता, मान खाली घालून. शेवटी तो एवढंच म्हणाला, "पोरी, प्रार्थना कर."

"तुम्ही करा," तासिंग म्हणाली.

वडिलांनी हात उगारला, पण मारलं नाही. "घ्या, ऐका. भावाची जीभ हिच्या तोंडात आली." मग त्यांनी देल्फिनची टोपी तोंडावर ओढली आणि पोत्यांवर आडवे झाले. झोपले नव्हते. त्यांचा पाय हलत होता.

पट्ट्यावरच्या माणसाने शर्ट काढून डोक्यावर फिरवला. आम्हा तिघांपैकी कोणीच तिकडे पाहिलं नाही. चौथी पाहत होती.

मग तिने आम्हाला एकेक करून पाहिलं. आधी वडिलांना, मग लोलोला, मग मला. रागाने नाही. बाजारात मासे निवडताना बघतात तसं, एकेकाला बाजूला ठेवत. मी मोडलेल्या बांबूला दोरी गुंडाळायला घेतली, म्हणजे मला तिच्याकडे पाहायला नको. त्या वेळी मला एकच समाधान होतं, की करण्यासारखं कोणाच्याच हातात काही नाही. नावेवर माणसं तीनच उरली होती आणि तिन्ही लागत होती.

नावेच्या मागच्या बाजूला कोणीतरी अनवाणी पायांनी गेलं. मी मान वर केली नाही. होडीत पाणी साचलं, की ते करवंटीने उपसायचं काम तिचंच होतं. मला वाटलं, त्यासाठीच गेली असेल.

मग दोरी तटकन तुटल्याचा आवाज आला.

मासळीची सुरी तिच्या दातांत होती. होडी आमच्यापासून दोन हात दूर गेली होती, आणि तासिंग तिच्यात उभी होती, पाय फाकवून, वल्हं तिच्या उंचीपेक्षा मोठं.

वडील ताडकन उठले. "तासिंग! होडी परत आण! माल कशातून उतरवायचा? होडी परत आण, सांगतोय!"

"तासिंग!" मी ओरडलो. "तुला जमायचं नाही! वेडी आहेस काय!"

लोलो काठाला धरून उभा राहिला. त्याने ओरडून एवढंच सांगितलं, "पुढे सरकून बस! नाक वाऱ्याकडे ठेव! खाडीत वरून तिरपी घाल, वरून!"

वडिलांनी वळून त्याच्या तोंडात मारली.

तिने ते ऐकलं की नाही, कोणास ठाऊक. पहिली लाट आडवी आली, होडी गोल फिरली, तिच्यात गुडघाभर पाणी शिरलं. तिने वल्हं मांडीखाली दाबलं आणि करवंटी उचलली. भराभरा पाणी उपसलं. करवंटी पायाशी टाकली. मग पुढे सरकून ती गुडघ्यांवर बसली, होडीचं नाक वाऱ्याकडे वळवलं, आणि वल्हं उजवीकडे टाकलं, मग डावीकडे, मग पुन्हा उजवीकडे.